सहा महिने सहज निघतील

माझी आत्या डेअरीत दुधाचे कॅन धुवायची. डेअरी वर्षाला गमबुटांचा एक जोड द्यायची; एका वर्षी मध्येच तिचा डावा बूट फाटला आणि कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी आत शिरायला लागलं. ती नवा जोड मागायला गेली, तर स्टोअरकीपरने बूट बोटाने दाबून पाहिला आणि खिडकीतून परत ढकलला. "बाई, सहा महिने सहज निघतील!"

सहा महिने निघाले. सोबत आत्याच्या अंगठ्याचं नखही निघालं.

नवा जोड मिळाल्यावरही आत्याने ते फाटके बूट टाकले नाहीत. कागदात गुंडाळून कपाटात ठेवले. मी हसलो की म्हणायची, "त्या मेल्याच्या पायांसाठी ठेवलेत मी."

पुढे गुडघे गेले म्हणून आत्याला स्टोअरच्या खिडकीत बसवलं, आणि मालात घोळ केला म्हणून त्या स्टोअरकीपरला कॅन धुवायला धाडलं. वर्ष अर्धं सरलं नाही तोच तो स्वतःचा फाटका बूट घेऊन खिडकीशी आला. आत्यामागे नव्या बुटांची चळत होती. तिने घरून आणून ठेवलेलं ते कागदातलं पुडकं पुढे सरकवलं.

"घ्या. सहा महिने सहज निघतील."

"ताई, यात माझा पाय कसा शिरेल?"

"पाय नाही शिरला तरी चालेल," आत्या म्हणाली, "सोडा बरोबर शिरतो."