हार आणायला पाठवलेली मुलगी

हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. नल्लकुंट्यातल्या आमच्या मराठी मैत्रिणींत तर माझी ख्याती 'आदर्श बाई' अशी — मग कुठल्या तोंडानं सांगणार? तुम्हाला सांगते.

हैदराबादच्या एका गरीब वस्तीत मी सरकारी शाळेत शिकवायचे. नाल्याच्या अलीकडे आमची शाळा, पलीकडे दुसरी — तीही सरकारीच. मुलं त्याच गल्ल्यांतली, कितीतरी तर सख्खी भावंडं. तरी कोणती शाळा सरस, यावर आम्हा शिक्षकांत केवढी चुरस! पलीकडच्यांचं कुणी कौतुक केलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा दोन्ही शाळांतल्या मुलांचं वाचन तपासायला साहेब लोक येणार होते. हजर असतील त्यांचेच गुण धरायचे, असं ठरलेलं. माझ्या वर्गात पद्मा होती. वाचताना फार अडखळायची, पण रोज धडा घोकून यायची. मला आवडायची ती — खरंच आवडायची. त्या दिवशी केसांना तेल चोपडून, दोन घट्ट वेण्या घालून पहिल्या बाकावर येऊन बसली.

आणि मी — कसं सांगू? पाहुण्यांना हार घालायची आमच्याकडे रीतच. ते हार मी आदल्या दिवशी मुद्दामच मागवले नव्हते. तपासणी सुरू व्हायच्या आधी पद्माला शाळेच्या आयाबाईंसोबत दूर कोठीच्या बाजारात पाठवून दिलं, हार आणायला.

ती धापा टाकत परतली तेव्हा सगळं उरकलं होतं. हार माझ्या हातात देत म्हणाली, "टीचरम्मा, मेरा नंबर कब आता?"

"तेरा काम उससे बड़ा था, बेटा," मी म्हणाले.

काय खुलला तिचा चेहरा! त्यानंतर बाहेरचं कुठलंही काम निघालं की पद्मा पुढे. पुस्तक मागे पडत गेलं. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण आम्ही पलीकडच्यांना हरवलं होतं ना!

परवा, इतक्या वर्षांनी, कोठीत औषधांच्या दुकानापाशी पद्मा भेटली. वाकून नमस्कार केला. डॉक्टरांची चिठ्ठी लेकीकडे वाचायला देत तिला म्हणाली, "ये मेरे टीचरम्मा. पूरे क्लास में भरोसा करके मेरेकूच भेजे थे."

लेक चिठ्ठी वाचू लागली. पद्मा माझा हात धरून उभी होती, माझ्याकडे बघत, मी दुजोरा देईन म्हणून.

"हौ," मी म्हणाले, "तेरेकूच."