आधी पाणी दे

“आधी पाणी दे.”

हे वाक्य बाई पाहुण्यासाठी म्हणत नसत. त्यांच्या ओसरीवर समोरासमोर दोन स्टुलं असायची. एकावर पोर आणि दुसरं रिकामं. त्या रिकाम्या स्टुलावरची धूळ बाई पदरानं झटकायच्या, जणू कोणी खरंच बसणार आहे, आणि पोराला म्हणायच्या, “कोण आलंय?”

“मावशी.”

“कुठून?”

“तामसीहून. बसनं.”

“एवढ्या उन्हातून आली आणि तू तशीच बोलायला लागलीस? आधी पाणी दे.”

पोरगी हवेतला पेला हवेतल्या मावशीला द्यायची. मग बाई म्हणायच्या, “आता बोल. पहिलं जे तोंडातून निघेल ते लिही.”

अशा रीतीनं त्या पत्र लिहायला शिकवायच्या. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम बघून लोक हसतात आणि पोरं मात्र तिकडेच पळतात. आदिलाबादेतली आमची मराठी पोरं शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकतात. मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. बाई मराठी शाळेतून रिटायर झालेल्या, मावला गावाच्या बाजूला एकट्याच राहायच्या. दर रविवारी पोरांना गोळा करून पोस्टाची कार्डं लिहून घ्यायच्या.

माझं बस स्टँडजवळ जुन्या सामानाचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, कोणाच्या बापाची मेहेरबानी नाही. भाव करण्यात मला हरवणारा अजून आदिलाबादेत यायचा आहे. फक्त बाईंपुढे हरलो. त्या स्टूल घ्यायला आल्या. मी भाव सांगितला. त्या स्टूल समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या, एक शब्द नाही. मी भाव उतरवला. तरी गप्प. आणखी उतरवला.

“बाई, काही बोलान का नाही?” मी वैतागलो.

“थांबा हो शेठ. यावर कोणी बसलंय असं वाटतं का ते बघतेय.”

बडबड्या गिऱ्हाइकाला मी गुंडाळतो. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

माझी नात पल्लवी त्यांच्याकडे जायला लागली. तिला सोडायला जायचो तेव्हा मी फाटकाशी उभा राहून ऐकायचो. एकदा एका पोरानं लिहिलं, ‘मी इथे खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असाल.’ बाईंनी त्यावर काट मारली.

“हे कोणाला लिहिलंस?”

“मामाले.”

“काकाला पाठवलं तर चालेल?”

“चालते नं.”

“मग ते मामाचं नाही. कोणालाही चालतं ते कोणालाच पोचत नाही.”

पोरानं डोकं खाजवलं आणि लिहिलं, ‘मामा, तू आणलेली टोपी बकरीनं खाल्ली. आता बकरीले ठसका लागला.’ बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “हे पत्र!” म्हणाल्या.

लिहिलेलं पत्र पेटीत पडलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. कार्डं स्वतः तपासायच्या, स्वतः टाकून यायच्या.

मी एकदा विचारलं, “बाई, तुमी कोणाले लिवता?”

त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाल्या, “माझ्या स्टुलावर आता कोणी येऊन बसत नाही हो. सगळी एकेक करून गेली. म्हणून पोरांची माणसं बसवते.”

आता माझ्या भावाचं सांगायला पाहिजे. धाकटा. त्याला मी शिकवला, हातगाडी ओढून. नागपुरात सरकारी नोकरीला लागला. पोराचं लग्न काढलं आणि मला पत्रिका पाठवली मोबाईलवर. आमच्यात सख्ख्याच्या दारी माणूस स्वतः येतो, कुंकू लावतो, अक्षता देतो, मग लग्न होतं. यानं बोटानं एक चित्र सरकवून दिलं. मी लग्नाला गेलो नाही. त्याचा नंबर ब्लॉक केला. कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी? ज्याला एवढीशी वाटते त्यानं ती आपल्याजवळ ठेवावी.

आणि पल्लवीनं कार्ड लिहिलं ते त्यालाच. पत्ता लिहायला ते घरी आणलं, तेव्हा माझ्या हाती लागलं.

‘नागपूरचे आजोबा, आधी पाणी घ्या. आमचे आबा तुमच्यावर रागावले आहेत. रोज रागावतात. दुसऱ्या कोणावर ते रोज रागावत नाहीत.’

“कोणाले इचारून लिवलं हे?” मी ओरडलो.

“बाई म्हणाल्या, ज्याच्याशी बोलावं वाटते त्याले लिव.”

मी ओढलं, तिनं ओढलं. कार्ड तिच्या हातात राहिलं, कोपरा माझ्या. ती रडत बाईंकडे पळाली.

फाटलेल्या कोपऱ्याचा अर्थ जुन्या माणसांना सांगायला नको. मयतीच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची आमच्याकडे रीत होती. पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच घरात रडणं सुरू. पल्लवीला हे माहीत नव्हतं. बाईंना माहीत असणारच. तरी कार्ड पेटीत पडलं.

काही दिवसांनी भर दुपारी मी एका गिऱ्हाइकाशी कपाटाचा भाव करत होतो. दुकानापुढे ऑटो थांबला. भाऊ उतरला. हातात पिशवी नाही, खांद्यावर पंचा. मला बघितलं आणि तिथेच पायरीवर बसला.

“दादा… तू हायेस?”

“मग कुठं जाऊ?”

त्यानं खिशातून कार्ड काढलं. कोपरा नसलेलं.

“वाचलं नाही तू?” मी विचारलं.

“हिंमतच नाही झाली. घरचा पत्ता दिसला, कोपरा दिसला. खिशात घातलं अन् निघालो.”

“फोन काऊन नाही केला?”

“तुझा लागते का? अन् दुसऱ्या कोणाले करून काय आयकू?”

पल्लवी दुकानातच होती, तिनं त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. तो ते घटाघटा प्याला. मला तेवढ्यात चार चांगले शब्द बोलता आले असते. पण आतलं आधी बाहेर आलं.

“पत्रिका मोबाईलवर पाठवतेत का सख्ख्या भावाले?”

“साऱ्यायले तशीच पाठवली, दादा.”

“मी साऱ्यायतला हाव का?”

त्यानं कार्ड परत खिशात घातलं. संध्याकाळच्या बसनं गेला. जाताना “येतो” म्हणाला. मी कपाटाचं दार पुसत राहिलो. नंबर ब्लॉकच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंशी भांडायला गेलो. “कोपरा फाटलेला दिसला नाही का तुमाले?”

“वय झालं शेठ. दिसत नाही आता.”

असं म्हणता म्हणता त्यांनी पलीकडे बसलेल्या पोराला इथूनच सांगितलं, “पिनकोडचा शेवटचा आकडा राहिला रे.” खोटं बोलणारी माणसं मी रोज बघतो. एवढं शांतपणे कोणी बोलत नाही.

“भाऊ आला का?” त्यांनी विचारलं.

“आला.”

“पाणी दिलंत?”

“नातीनं दिलं.”

“मग तुमचं अजून राहिलंय,” त्या म्हणाल्या आणि पोराच्या कार्डाकडे वळल्या.

पुढे पोरं कमी झाली. कोणाला ट्यूशन लागली, कोणाला मोबाईल मिळाला. पल्लवीही वरच्या वर्गात गेली आणि तिचा रविवार क्लासमध्ये जायला लागला. कधी तिकडून गेलो तर बाई ओसरीवर एकट्या दिसायच्या आणि समोरचं स्टूल झटकलेलं असायचं. मग भैंशाहून त्यांची भाची आली आणि त्यांना घेऊन गेली. जाण्याआधी बाई ऑटोतून ते स्टूल माझ्या दुकानात घेऊन आल्या.

“शेठ, हे ठेवा. याचा भाव करू नका.”

“तिकडं काय कराल बाई?”

“बघू. कोणी लिहिलं तर वाचीन.”

मी लिहिलं नाही. दुकान, सीझन, हे ना ते.

परवा मोबाईलवर त्यांचा फोटो आला. भोवती फुलांची चौकट, खाली ‘दुःखद निधन’. ज्यानं पाठवला त्यानं शंभर जणांना पाठवला असणार. त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं एकाखाली एक येत होती. मी मोबाईल गादीवर फेकला. ज्या बाईनं जन्मभर पोरांकडून कार्डं लिहून घेतली, तिच्या मयतीला एक कार्ड नाही! लग्न तसंच, मरण तसंच. सगळे साऱ्यायतले.

उठलो, पोस्टात गेलो, कार्ड आणलं. दुकानात बाईंचं स्टूल समोर ओढलं, बाहीनं पुसलं. कोण आलंय ते मला ठरवावं लागलं नाही.

लिहिलं, ‘पाणी घे. बाई गेल्या. त्यांनीच तुझं कार्ड पेटीत टाकलं होतं. त्या दिवशी तू आलास तेव्हा तुझी चप्पल विजोड होती, एक तुझी, एक दुसऱ्याची. मला तेव्हाच दिसली होती.’

हे काकाला चाललं नसतं, मामाला चाललं नसतं.

मग कोपरा फाडला. मयतीचं कार्ड आहे, रीत आहे. मी खोटं काहीच केलेलं नाही. तो वाचून येईल की न वाचता, ते त्याचं तो बघेल. फोन मी करणार नाही.

कार्ड टाकल्यापासून स्टूल दुकानाच्या तोंडाशी आहे, शेजारी तांब्या झाकून ठेवलेला. आज नागपूरची बस यायच्या वेळेला एक गिऱ्हाईक आलं. स्टुलाला हात लावून म्हणालं, “केवढ्याला?”

“नाही विकायचं. त्यावर माणूस बसलेला आहे.”

त्यानं स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या दुकानात गेलं.

मी तांब्यातलं शिळं पाणी टाकून ताजं भरलं.