वाइनला चालणारं मटण

अन्याय वहिनींच्या बाबांवर झाला. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, भर दुपारी दीड वाजता, फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. वर्ध्याहून पहिल्यांदाच लेकीच्या घरी आलेला म्हातारा तिच्या हातचं आवडीचं काही न जेवता उठला, आणि त्याला कारण एक बाटली. दक्षिण फ्रान्सची, लाल.

बाटलीचे मालक वहिनींचे यजमान, माझे खालच्या मजल्यावरचे शेजारी. नाव लिहीत नाही. असा माणूस तुमच्याही सोसायटीत आहे. परदेशी कंपन्या आल्या, पगार वाढला आणि साहेबांना चव फुटली. बूच काढलं की हात आडवा करून म्हणायचे, "थांबा. तिला श्वास घेऊ द्या." आम्ही थांबायचो. आत वहिनी पंखा बंद करून पोळ्या लाटत असायच्या, कारण पंख्याने गॅस विझतो. त्यांच्या श्वासाची चौकशी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

मग वास घ्यायचा. बरोबर उत्तर ठरलेलं होतं: काळी मिरी, रानातली वाळकी पानं, पिकलेलं जांभूळ आणि मागून थोडं चामडं. मला फक्त चामडं यायचं, तेही करोल बागेतल्या सीट कव्हरचं. "बिल्कुल!" साहेब खूश.

ही वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं त्यांच्या पुस्तकात होतं. कुणाच्या खोलीच्या, ते नव्हतं. साहेब ती फरीदाबादच्या उन्हाळ्यातल्या खोलीच्या तापमानाला देत, वीज गेलेली असली तरी. फ्रीज म्हणजे तिचा अपमान. आम्ही काढ्यासारखी कोमट वाइन घोट घोट गिळायचो आणि माना डोलवायचो.

त्या रविवारी साहेबांनी नव्या बॉसलाही बोलावलं होतं. वहिनींनी आदल्या दिवशीच खोबरं भाजून ठेवलेलं, बाबांना आवडतो तसा काळ्या मसाल्याचा जहाल रस्सा करायचा म्हणून. साहेबांनी मसाला कपाटात ठेवायला लावला. तिखटापुढे ही वाइन कडू होते, जीभ जाळते. तिला लसूण आणि वाळकी पानं लावून भाजलेलं मटणच चालतं, असं त्यांनी बजावलं. आणि ते खरं होतं. तापमान सोडलं तर वाइनबद्दल हा माणूस कधी चुकला नाही, संताप त्याचाच येतो.

बॉस आले. ग्लासात बर्फ मागितला, एक तुकडा बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "भाभीजी, थोड़ा अचार मिलेगा?" बाबांनी काहीच मागितलं नाही. न तुटणारा तुकडा ताटाच्या कडेला सारून त्यांनी दहीभात कालवला. साहेब सांगतच होते, तिकडचे साधे शेतकरीसुद्धा रोज ही वाइन पितात, आईने मंद आचेवर शिजवलेल्या राजम्यासारख्या दाण्यांसोबत, मटणासोबत.

वहिनी दारात उभ्या होत्या.

"अहो, म्हणजे तिकडे ज्याच्या त्याच्या घरचंच शिजतं ना? मग माझ्या बाबांनी कुणाच्या घरचं खायचं?"

साहेबांनी ग्लास गोल फिरवला. मग त्यात नाक घातलं.

बाबा दुसऱ्या दिवशी परत गेले आणि त्याच हिवाळ्यात वारले. दिवस करून दोघं परतल्यावर एकदा मी खाली गेलो, तर साहेब मिक्सरपाशी उभे. खोबरं किती काळं होऊ द्यायचं, लवंगा किती, वहिनींना विचारत होते. रस्सा झाला. साहेब नाक पुसत, पाणी पीत सगळं जेवले. बाटली काढलीच नाही. वहिनींनी ताट घेतलं नाही. भूक नाही म्हणाल्या.

पुढे कंपनीने साहेबांना बंगळुरूला पाठवलं. खालच्या दारावर आता दुसऱ्यांची पाटी आहे. माणूस वाईट नव्हता. त्यांची आठवण येते, म्हणून तर राग जात नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, हळहळू नका. आज जेवायला बसण्याआधी घरच्या बाईला विचारा, तिच्या माहेरचं या घरात शेवटचं कधी शिजलं. आठवत नाही म्हणाली, तर तिच्या आईबाबांना याच रविवारी बोलवा. आणि कांदा तुम्ही चिरा.