‘बाबा झोपलेत’ नावाचा गेम आणि कर्जत-खालापूरचे चार दिवस

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मला घरात बसवत नव्हतं. काम होतं, पगार चालू होता, तब्येत ठणठणीत होती. तरी दर दहा मिनिटांनी उठून खिडकीशी जायचं, फ्रिज उघडायचा, काही न घेता बंद करायचा, असं चाललं होतं. तेवढ्यात अश्विनीचा फोन आला. ही माझी कॉलेजातली मैत्रीण, आता दहिवलीच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. तिनं विचारलं, "तू मोबाईल गेम बनवतेस ना? आमच्या पोरांना गेम कसा बनवतात ते शिकवशील? इथं, मग डोंगरातल्या एका वाडीवरच्या शाळेत, मग खालापूरकडच्या एका शाळेत. चार दिवस." मी तिचं बोलणं पुरं होण्याआधीच हो म्हणून टाकलं.

बुधवारी सकाळी निघाले. गाडीत मागच्या सीटवर दहा जुने लॅपटॉप, गोधड्यांमध्ये गुंडाळलेले. पुण्याहून कर्जतला जायचं तर मी जुना हायवे सुचवेन. लोणावळा, खंडाळा, घाट उतरून खोपोली आणि तिथून पळसदरीवरून कर्जत. घाटात ट्रकांच्या मागे रेंगाळावं लागतं, पण डोळ्यांना पुष्कळ मिळतं. शनिवार-रविवार मात्र टाळा. फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांनी खोपोली-कर्जत रस्ता तुंबतो आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात. मला दहिवलीत एका घराच्या वरच्या मजल्यावर साधी, स्वच्छ खोली मिळाली होती. जेवण खाली, घरच्यांबरोबर. पहिल्याच दुपारी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तेही मी उभ्याउभ्याच संपवलं असतं, पण घरच्या मावशींनी पाट सरकवला. "बस गं बाय, कोन पाठी लागलंय का तुज्या?"

अश्विनीच्या शाळेत पहिला दिवस मी लॅपटॉप उघडूच दिले नाहीत. आधी कागद. खेळाडू कोण, त्याला काय हवंय, वाटेत कोण आडवं येतं आणि खेळ कधी संपतो, एवढे चार प्रश्न. नववीच्या मुलांना ते फारसं पटलं नाही. पंधरापैकी बारा कागदांवर बंदुका आल्या. मीही काही फार चांगली शिक्षिका नाही. एका गटाला समजावता समजावता मला पलीकडच्या गटाचं दिसायचं, मग वाक्य अर्धं टाकून मी तिकडे. अश्विनी शेवटी म्हणाली, "मुक्ता, पोरं चुळबुळ करत नाहीयेत. तूच करते आहेस."

गुरुवारी वाडीवर गेलो. कर्जतपासून तासाभराचा रस्ता. शेवटचे दोन-तीन किलोमीटर खडी आहे, छोटी गाडी जपून चालवा, आणि पेट्रोल कर्जतलाच भरून घ्या. दोन्ही बाजूंना भात कापून झालेलं, कुठे कुठे झोडणी चाललेली, हवेत पेंढ्याची धूळ. शाळा दोन खोल्यांची. वीज सकाळपासून नव्हती, म्हणजे लॅपटॉपमध्ये जेवढी बॅटरी तेवढीच कार्यशाळा.

त्या मुलांची आपसातली बोली मला निम्मीच कळत होती, आणि माझं पुणेरी मराठी त्यांना तेवढंच. पण खेळ ठरवायला वेळ लागला नाही: ओढ्यात खेकडे पकडायचे. मी सवयीनं सांगितलं, खेकडा चावला की एक जीव कमी. त्यावर सहावीतली एक मुलगी मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघत राहिली.

"खेकडा चावला त मानूस मरत नाय."

"मग काय होतं?"

"बोंबलतो."

सगळा वर्ग हसला. मग ठरलं की जीव कमी व्हायचा नाही, खेळाडूनं बोंबलायचं. लॅपटॉपच्या माईकसमोर रांग लागली. प्रत्येकाला आपली बोंब त्यात हवी होती. चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकाच्या बाईंनीही एक ठोकून दिली, आणि तीच सगळ्यांत भारी निघाली. बॅटऱ्या संपेपर्यंत आम्ही नुसते खेकड्यांकडून चावून घेत होतो. परतीच्या वाटेवर मी खूश होते, आणि तरी गाडी कर्जतच्या चौकात पोचेपर्यंत उद्याची काळजी सुरू झाली होती. मला आजच्या दिवसात राहताच येत नाही, हा जुनाच आजार.

शुक्रवारी सकाळी दहिवली सोडलं. खोपोलीत एका टपरीवर मिसळ-पाव खाल्ला (तिखट आहे, जपून) आणि तिथून कुंभिवलीकडे. हा भाग सहलीच्या यादीत कुणी टाकणार नाही. हायवेला लागून गॅरेजं, ढाबे, पत्र्याची गोदामं, टेंपोंच्या रांगा. साजगावच्या कारखान्यांतून सुटलेल्या पाळीची माणसं डबे घेऊन रस्ता ओलांडत होती. शाळेचं पटांगण हायवेपासून एका भिंतीपलीकडे, त्यामुळे शिक्षक मोठ्यानंच बोलतात आणि मुलंही. अश्विनीनं इथल्या मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवलं होतं, तिनं स्वतः गुरुवारपासून तीन दिवसांची रजाही काढली होती. आमची योजना अशी: शुक्रवारी गेम बनवायचे, शनिवारी दुपारी पालकांना बोलावून दाखवायचे.

इथे समीक्षा भेटली. नववीतली, दोन घट्ट वेण्या, बोलायची इतकं हळू की मला वाकून कान द्यावा लागायचा. तिच्या कागदावर बंदूक नव्हती. एक घर होतं, घरात खाटेवर झोपलेला माणूस, आणि वर लिहिलं होतं, ‘बाबा झोपलेत’.

"यात काय करायचं?" मी विचारलं.

"कामं करायची. पानी भरायचं, कुकर लावायचा, भांडी. पन आवाज वाढला की हा पट्टा भरतो. पट्टा भरला की बाबा उठतात."

"आणि मग?"

"मग खेळ संपला."

तिचे वडील साजगावच्या एका कारखान्यात रात्रपाळीला जातात, दिवसा झोपतात. तिनं दिवसभर मान वर न करता ठोकळे जोडले. संगणकाला द्यायच्या सूचनांचे रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक लावायचे. संध्याकाळी मी तिचा गेम खेळले आणि दुसऱ्या मिनिटाला हरले. घाईघाईत बादली उचलली म्हणून.

शनिवारी सकाळी आम्ही वर्ग लावत होतो, तेवढ्यात दारात एक माणूस आला. कारखान्याचा निळा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी, डोळे लाल.

"गेमवाल्या बाई कोन हाय इथं?"

समीक्षा जागच्या जागी उभी राहिली. ते तिचे वडील होते. पाळी सुटल्यावर घरी गेले होते आणि आज शाळेत गेम दाखवणार असल्याचं तिच्या आईकडून कळल्यावर झोपायचं सोडून तसेच आले होते.

"मीच," मी म्हणाले. "या ना दादा, बसा."

"बसायला नाय आलो. माजा मोठा पोरगा बारावीत नापास झाला. रात्रंदिवस हातात मोबाईल, त्यात गेम. आता घरात कुनाशी बोलत नाय. आनि तुमी हिलाबी तेच शिकवताय?"

मुख्याध्यापक मध्ये पडायला लागले. समीक्षाच्या वडिलांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि मला विचारलं, "तुमी खरंच गेम बनवता? कंपनीत?"

"हो."

"पोरांनी खेळत ऱ्हावं, उठू नये, असे?"

यावर देण्यासारखी उत्तरं माझ्याकडे खूप होती. कंपनीत ती आम्हाला तोंडपाठ असतात. पण त्या लाल डोळ्यांसमोर एकही निघेना. माझं काम नेमकं तेच आहे: गेम बंद करून गेलेल्या माणसाला परत कसं आणायचं, ते मी ठरवते. मी म्हणाले, "हो. तेच माझं काम आहे."

अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. समीक्षाच्या वडिलांनी बहुधा भांडणाची तयारी ठेवली होती. हो ऐकल्यावर ती वायाच गेली. शेवटी ते म्हणाले, "चल गं समीक्षा. दप्तर घे."

तिनं दप्तर घेतलं नाही. "बाबा, येकदा बघा. मग चला."

ते बसले नाहीत. पिशवी खांद्यालाच ठेवून, वाकून, एका बोटानं खेळायला लागले. पाणी भरलं. कुकर लावला. शिट्टी झाली, पट्टा भरला, खाटेवरचा माणूस उठून बसला आणि पडदा लाल झाला. एक-दोन पोरं हसली आणि लगेच गप्प झाली. त्यांनी परत खेळलं. परत हरले. तिसऱ्यांदा खेळताना त्यांना दिसलं की भांडी घेऊन घराबाहेर, मागच्या नळावर गेलं तर पट्टा वाढत नाही.

ते थांबले. "हे आपलं घर हाय?"

"हो."

"तू भांडी मागं उन्हात घासतेस ती यासाठी?"

"आत आवाज होतो ना."

"मला वाटलं, तुला तिथं मैत्रिनी भेटतात."

त्यांनी पडद्यावरच्या खाटेकडे बोट केलं.

"आनि मी उठलो की खेळ संपतो. का? मी उठून खातो काय तुला?"

"तुमी ओरडता," ती म्हणाली. नेहमीसारखंच हळू. पण त्या दिवशी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. माझा पाय बाकाखाली हलायला लागला होता. काहीतरी बोलून हे मोडावं, विषय बदलावा, असं तोंडापर्यंत आलं होतं. अश्विनीनं माझं मनगट धरून ठेवलं, म्हणून गप्प राहिले.

त्यांनी पिशवी उतरवली आणि बाकावर बसले. मग म्हणाले, "खेळ तिथं संपवू नको. उठल्यावरचंबी घाल."

"काय घालू?"

"मी चा मागतो. मग विचारतो, जेवलीस का."

"विचारत नाय, बाबा."

"नाय विचारत?"

तिनं मान हलवली.

"मग ते नको घालू," ते म्हणाले. "जे होतं तेच घाल."

तिला घेऊन जायचं ते विसरले की त्यांनी ठरवून सोडलं, मला माहीत नाही. म्हणाले, "पालकांचं दुपारी हाय ना? थांबतो मी," आणि मागच्या बाकावर जाऊन भिंतीला टेकले. दहा मिनिटांत त्यांची मान कलली. रात्रभर उभं राहून काम केलेला माणूस तो.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते सांगता येणार नाही, पण वर्गाचा आवाज उतरत गेला. हायवेशी स्पर्धा करत बोलणारी ती पोरं कुजबुजायला लागली. कुणी खुर्ची ओढली नाही, उचलून ठेवली. वाडीच्या पोरांचा खेकड्यांचा गेम एकानं चुकून सुरू केला आणि बोंब सुटायच्या आत तिघांनी लॅपटॉपवर झडप घातली. मधल्या सुट्टीच्या वेळी मुख्याध्यापक स्वतः बाहेर गेले आणि शिपाईमामांना सांगून आले की आज घंटा नको, मुलांना हातानं खुणवा. साऱ्या शाळेला त्या दिवशी हातवाऱ्यांनी सुट्टी झाली. बाहेर ट्रक कर्कश हॉर्न वाजवत होते. त्यांचं कुणी काही करू शकत नव्हतं.

समीक्षा लॅपटॉपवर काम करत होती आणि अधूनमधून मागे वळून बघत होती. त्या दिवसभरातला तिचा चेहरा मला नीट सांगता येणार नाही. भीती नव्हती एवढं नक्की. मी तिच्या शेजारच्या बाकावर बसले होते, दुपारी पालक येईपर्यंत. जागेवरून हलले नाही. मला ते जमतं हे मला ठाऊक नव्हतं.

पालक आले तेव्हा समीक्षाचे वडील आपणहून जागे झाले. गडबडून आजूबाजूला बघितलं आणि इतक्या लोकांसमोर झोपल्याबद्दल ओशाळले. समीक्षानं पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली. एवढंच झालं. नंतर तिनं सगळ्यांसमोर गेम दाखवला तेव्हा ते उभे राहून बघत होते, आणि जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "मोठ्याचं काय करू, ते तुमी सांगाल असं वाटलं व्हतं." मी म्हणाले, मला माहीत नाही. ते म्हणाले, "हां," आणि गेले. तो प्रश्न मी घाट चढताना सोबत घेऊनच आले.

रविवारी पुण्यात परत. तुमच्यापैकी कुणी अशी कार्यशाळा घ्यायला जाणार असेल तर सांगते: जास्तीच्या बॅटऱ्या न्या, कागद भरपूर न्या, पहिल्या दिवशी बंदुकांना नावं ठेवू नका. दुपारचं जेवण शाळेच्या लोकांबरोबरच घ्या, बाहेर शोधत बसू नका. आणि ‘हे मुलांसाठी किती चांगलं’ असं कुणाला पटवायला जाऊ नका. मी जे काम करते ते मी अजून सोडलेलं नाही. ते करताना पूर्वीसारखं सरळ बसवत नाही, हे मात्र खरं. मध्यंतरी एका बैठकीत मी सुचवलं की खेळणाऱ्याला अर्ध्या तासानं थांबू द्यावं, पुन्हा ओढू नये. लोक हसले. मी आणखी दोनदा सुचवलं. अजून ठरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात अश्विनी कुंभिवलीच्या शाळेत गेली होती, तिच्या फोनवरून समीक्षाचा आवाजी निरोप आला. गेमचा दुसरा भाग ती बनवते आहे. बाबा उठतात, आणि ते काही बोलायच्या आत मुलीनं एक वाक्य बोलायचं असतं. ते वाक्यच तिला सापडत नव्हतं. "ताई, तुमी सांगा ना काय लिहू?"

मी तीन वाक्यं लिहिली. तिन्ही छान होती. मग ती खोडली आणि तिला कळवलं, "मला नाही गं माहीत. तू घरी बोलून बघ, जे निघेल ते लिही." एवढं झाल्यावर लॅपटॉप मिटला आणि भाजी आणायला बाहेर पडले.