दोन सुपाऱ्यांची उशी

कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी उशीवाल्या बाई आपली बोटं स्वतःच्या मानेवर धरून गरम करत. "गार हात लागला की बाई आकसते, मग दडवते," असं त्या म्हणत. आमच्या मिठागरावरच्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नसत, बाईंना दाखवत.

त्या ठाण्याच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होत्या, घोडबंदरकडच्या ख्रिस्ती कोळी घरातल्या. दर शुक्रवारी खाडीकाठाने चालत आमच्या गावात येत. पिशवीत पट्ट्यांबरोबर वीतभर कापसाची उशी असे. तिच्यात दोन सुपाऱ्या होत्या. एक कापसात मोकळी, दुसरी आतून दोऱ्यांनी कापडाला टाचलेली. प्रत्येकीला त्या दाबून बघायला लावत.

"ही सरकते. साधी गाठ बहुतेक अशी. वाढली तरी आपल्या पिशवीत वाढते, शेजारच्याला ढकलते, पण त्याच्यात शिरत नाही. ही दुसरी बघा. ही मुळं सोडते, आणि तिचे कण रक्तातून जाऊन दुसरीकडे घर करतात. ही कॅन्सरची."

"पन दुकत नाय, तर दाखवाची कशाला?" कुणीतरी विचारायचंच.

"दुखणारी तुला माझ्याकडे आणते गो. न दुखणारी मला शोधावी लागते."

उठताना त्या आणखी एक वाक्य सांगत. बोटाला संशय घेता येतो, निकाल देता येत नाही. निकाल गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच. तोवर बायकांनी टोपल्या उचललेल्या असत. मीही ते इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकेनाशी झाले होते.

मी तेव्हा इंटर सायन्सला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. एक दिवस आंघोळ करून आलेली आई हळूच म्हणाली, "बाय, हितं वाटाण्यावानी काय लागतंय." डाव्या छातीत, काखेच्या बाजूला. मी बोटं मानेवर गरम केली, अगदी बाईंसारखी. गाठ सरकली.

"साधी आहे," मी म्हणाले.

"बाईंना दाखवू का?"

"कशाला? सरकते ना."

"तू शिकलेली हायस," आई म्हणाली आणि हसली. ते हसणं मला फार आवडलं होतं.

मिठाचा हंगाम होता. आई शुक्रवारीही आगरावर असायची. चार महिन्यांनी गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली, तेव्हा आईने बाईंना दाखवलं आणि त्यांनी तिला स्वतः मुंबईच्या इस्पितळात नेलं. तुकडा तपासला. कॅन्सर होता, आणि काखेतही पोचला होता. ऑपरेशन झालं.

जखम बांधायला बाई आमच्याकडे येत. एकदा ओटीवर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावतील अशी माझी तयारी होती, थोडी इच्छाही होती. त्यांनी पिशवीतून उशी काढून हातात घेतली.

"सुरुवातीला तीही सरकू शकते, पोरी. तू माझं अर्धं ऐकलंस. पण माझी उशीच सोपी होती. कातर आण."

तिथेच त्यांनी उशी उसवली. टाचलेल्या सुपारीचे दोरे कापले, दोन्ही सुपाऱ्या सारख्याच कापसात दाबल्या आणि उशी पुन्हा शिवून टाकली. पुढच्या शुक्रवारपासून त्या एवढंच विचारत, "ओळखा, साधी कुठली?" बायका दाबून दाबून दमायच्या. "नाय कलत, बाई."

"मलाही नाही. मग उद्या दवाखान्यात."

आई त्यानंतर दीड वर्ष होती. ती गेली त्या दिवशी बाई आल्या, गार पडलेल्या तिच्या अंगाला हात लावण्याआधीही त्यांनी बोटं मानेवर धरली. पुढच्या वर्षी त्या नोकरी संपवून गावी गेल्या. जाताना उशी मला दिली.

मागच्या महिन्यात माझी आत्या जबड्याखालची गाठ घेऊन आली. "तू शिकलेली हायस. बग ना."

मी बोटं गरम केली. गाठ चाचपली. ती सरकत होती.

"मला कळत नाही, आत्या," मी म्हणाले. "चप्पल घाल."