कोट शिवणारी अंजना

पाचगणीच्या एका निवासी शाळेत कपड्यांची खोली होती. तिथं अंजना बनसोडे कामाला होती. पोरांची फाटलेली विजार, उसवलेला खिसा, तुटलेलं बटण, सगळं शेवटी तिच्याच मांडीवर येऊन पडायचं. धुण्यात कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक कॉलरच्या आत इंग्रजीत नाव लिहिलेली फीत शिवावी लागे. अंजना मराठी चौथी शिकलेली. पण फिती शिवता शिवता ती अक्षरांच्या वळणावरून पोरांची नावं ओळखायला लागली होती. कोणतं अक्षर काय म्हणतं ते ठाऊक नव्हतं, पण अमुक वळणाचा तो दंगेखोर, तमुक वळणाचा तो रडका, एवढं तिला पक्कं कळे.

चौथीनंतर शाळा सुटली ती गावाकडं, वाईच्या बाजूला. सोळाव्या वर्षी घरच्यांबरोबर तिनं बौद्ध धर्म घेतला. तेव्हापासून वस्तीत जो तो ‘शिका, शिका’ म्हणू लागला, पण ते पोरांना सांगणं होतं. लग्न ठरलेल्या मुलीला कोण सांगतो? अंजनानं मात्र ते आपल्यालाच सांगितलं असं धरून ठेवलं. सातवीची फायनल द्यायची, हे तिच्या मनात तेव्हापासून होतं.

तिचा दुसरा जीव पेटीत होता. बाजाची पेटी. मामा कोंडीबा गाण्याच्या पार्टीत पेटी वाजवायचा. भाचीची बोटं बघून त्यानं तिला शिकवलं होतं, आणि लग्नात भांडी द्यायच्या ऐवजी जुनी पेटीच देऊन टाकली होती. सासरी आल्यावर अंजनानं वस्तीतल्या बायका गोळा केल्या. दर पौर्णिमेला विहारात त्या गायच्या, अंजना वाजवायची. बाई पेटीवर बसलेली बघून आधी लोक हसले, मग ऐकायला लागले.

आणि तिसरं खूळ लागलं ते बासष्ट साली.

शाळेची पोरं निळे फ्लॅनेलचे कोट घालायची. ते कोट पुण्याहून शिवून यायचे. एक कोट कुणीच न्यायला आला नाही, खोलीत पडून राहिला. शाळेच्या मेट्रनबाईंनी तो अंजनाला देऊन टाकला. घरच्यांना वाटलं, नवऱ्याला घालील. तिनं तो घरी आणून दारात बसून उसवला. शिवण न् शिवण सोडवून तुकडे ओळीनं मांडले. आत आणखी एक जाड कापड निघालं, त्याच्या आत तिसरं.

सासू बाळाबाई बघत होती. ती म्हणाली, “चांगला कोट हुता की गं. त्याचा का जीव घेतलास?”

“आत काय हाय ते बघायचं हुतं, आत्याबाई. कोट छातीवर ताठ का ऱ्हातो, ते बघायचं हुतं.”

उसवलेला कोट काही तिला परत नीट जोडता आला नाही. खांदा पडला, कॉलर वर आली. तेव्हा ती रविवारी एस.टी.नं साताऱ्याला गेली. तिथं नानासो म्हणून एक म्हातारा शिंपी होता. सारी हयात पलटणीचे कपडे शिवून आता घरीच बसला होता. अंजनानं कोट त्याच्यापुढं ठेवला.

नानासोनं खांदा चाचपला. “कुनी शिवला?”

“मीच.”

“ह्ये बायामान्साचं काम न्हाई बाई. झंपर शीव, परकर शीव. कोटाला इस्तरी वडावी लागती, मनगाट लागतं.”

“मनगाट हाय,” अंजना म्हणाली. “शिकवनारं मानूस न्हाई.”

त्या दिवशी त्यानं तिला परत पाठवली. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्यानं निखाऱ्यांची जड इस्त्री तिच्यापुढं सरकवली आणि म्हणाला, “कापड कापायच्या आदी भिजवायचं. लोकर आकसती. न्हाईतर पावसात पोरगं ऱ्हाईल तेवढंच आन् कोट हुईल ल्हान.” तिथून शिकवणं सुरू झालं. ते दोन वर्षं चाललं, सवड मिळेल तसं.

घरात मात्र धुसफूस वाढली. नवरा जालिंदर दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा. सीझनमध्ये महाबळेश्वर-पाचगणी फेऱ्यांना उसंत नसे, आणि पावसाळ्यात चार महिने हाताला काम नसे. तो तोंडानं काही बोलत नसे. बोलायची ती बाळाबाई. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, “नोकरी करतीस ती कर. पन ह्यो कोट, ती पेटी, ती शाळेची पुस्तकं. एक ना धड, भाराभर चिंध्या.”

अंजना चुलीपाशीच भूगोलाचं पुस्तक धरून बसली होती. तिनं मान वर केली नाही. “चिंध्यांचीच तर वाकळ हुती, आत्याबाई. आन् थंडी वाकळंनंच जाती.”

बाळाबाईला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही.

अंजनानं शिवलेला पहिला सरळ कोट मेट्रनबाईंनी मुलाच्या अंगावर घालून बघितला आणि थेट प्रिन्सिपॉलसाहेबांकडं नेला. बाई गोव्याकडच्या, मराठी मोडकंतोडकं बोलायच्या, पण माणूस ओळखायच्या. पासष्ट साल सरता सरता शाळेनं ठरवलं की नव्या पोरांचे कोट पुण्याहून न आणता पाचगणीतच शिवून घ्यायचे. काम अंजनाला मिळणार, असं सगळे धरून चालले. मग एके दिवशी मेट्रनबाईंनी तिला बोलावलं.

“अंजना, एक गडबड आहे. शाळेचा नोकर शाळेचा ठेका घेऊ शकत नाही. असा नियम आहे. कोट करायचे तर नोकरी सोड. नोकरी ठेवायची तर कोट विसर.”

“अर्धा दीस नोकरी केली तर?”

“मी विचारलं. साहेब नाही म्हणाले.”

अंजना खिडकीपाशी उभी राहिली. या नोकरीनं पावसाळ्यातल्या चुली पेटवल्या होत्या. तिच्याच जिवावर जालिंदरनं कधी कुणापुढं हात पसरला नव्हता. तिला भीती वाटली, आणि भीती वाटते याचा रागही आला. कोट हातात धरला की जे वाटतं, ते विजारींना ठिगळ लावताना इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. हेही तितकंच खरं होतं.

संध्याकाळी ती घरी म्हणाली, “मी नोकरी सोडनार हाय.”

बाळाबाईनं कपाळावर हात मारला. जालिंदर म्हणाला, “पावसात चूल कशावर पेटवायची, ते सांग.”

“पावसात तुमी रिकामं असता. काज-बटन शिका.”

“मी? ड्रायव्हर मानूस सुई धरू?”

“सुई हलकी असती. स्टेरिंगपक्षा लय हलकी.”

तो उठून बाहेर गेला. पण नाही म्हणाला नाही, हे अंजनानं ऐकून ठेवलं.

दुकानासाठी ती बाजारात जागा बघत फिरली. एका ठिकाणी मालकानं खोली उघडून दाखवली, खिडकी दाखवली, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “कुनापैकी?” तिनं सांगितलं. त्याला एकाएकी आठवलं की खोली मेहुण्याला द्यायची आहे. दुसऱ्या ठिकाणीही असाच कुणी मेहुणा निघाला. तिसरीकडं ती गेलीच नाही. घराच्या पुढच्या पडवीला तिनं फळ्या ठोकून घेतल्या, पायमशीन तिथं मांडलं आणि म्हणाली, “दुकान वस्तीतच. ज्याला कोट पायजे त्यानं हितं यायचं.”

कापडासाठी ती सांगलीला गेली. तिथं भूपाल नावाच्या जैन व्यापाऱ्याचं लोकरी कापडाचं दुकान होतं. बाई एकटी कोटाचं कापड घ्यायला आलेली बघून तो आधी चमकला. पण ती ताग्याचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासायला लागली, तेव्हा त्यानं नोकराला सांगितलं, “वरचा माल दाखव रे. हा रंग सोडतो.” पुढं वर्षानुवर्षं ती कापड तिथूनच आणत राहिली.

सहासष्टच्या सुरुवातीला काम अंगावर आलं. कोट पावसाआधी द्यायचे होते आणि एप्रिलमध्ये फायनल होती. दिवसाला तास काही वाढत नव्हते. अंजनानं विचार केला, नोकरी तर गेलीच, आता आणखी काहीतरी टाकलं पाहिजे. तिनं पेटी पोत्यात बांधली आणि गाणाऱ्या बायकांपैकी चंद्राबाईकडं नेऊन ठेवली. “वर्सभर सांभाळ,” म्हणाली.

त्यानंतरचे दोन महिने ती पहाटे उठून धडे वाचायची, दिवसभर कात्री चालवायची आणि कुणाशी धड बोलत नसे. बायका पौर्णिमेला बोलवायला आल्या, तर दारातूनच परत पाठवल्या. जालिंदरवर ओरडायची. जेवताना घास हातात धरून बसायची. आणि मग मार्चमध्ये एका दुपारी तिनं नव्या फ्लॅनेलच्या बाह्या कापल्या, जोडायला घेतल्या, आणि लक्षात आलं की दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या आहेत. पुढच्या कोटाच्याही. त्याच्या पुढच्याही.

ती मशिनीपाशी बसूनच राहिली. कापड परत जोडता येत नाही, प्रत्येक पोराचं माप निराळं, आणि सांगली काही शेजारी नव्हती.

बाळाबाई दारात उभी होती. ती तशीच निघून गेली. थोड्या वेळानं परत आली तेव्हा डोक्यावर पोतं होतं. तिनं ते पडवीत उतरवलं आणि सुतळी सोडली.

“आत्याबाई, आता न्हाई. कामं हायती.”

“कामं मला बी दिसत्यात. तुजं ध्यान ठिकानावर न्हाई, त्ये बी दिसतंय. ही पेटी गेल्यापासनं तू घरात असून घरात न्हाईस. वाजीव घटकाभर. मी भाकरी टाकते.”

“तुमीच म्हनला हुता, भाराभर चिंध्या.”

“म्हनलं हुतं. म्हातारं मानूस लय काय काय म्हनतं.”

अंजनानं भाता उघडला. एवढ्या दिवसांत बोटं जड झाली होती, दोन सूर चुकले. मग हात बसला. बाळाबाई आत भाकरी टाकत होती आणि मधूनच ओळ पुरी करत होती, बेसूर पण वेळेवर. डाव्या बाह्यांचं कापड पुढं लहान पोरांच्या कोटांना कामी आलं. सगळं नाही, काही वायाच गेलं. अंजना पुन्हा सांगलीला जाऊन आली.

एप्रिलमध्ये जयंतीला ती बायकांना घेऊन वाईला गेली आणि भर सभेत वाजवलं. तिथंच चार दिवस राहून फायनलचे पेपर दिले. शेजारच्या बाकावरची मुलगी तिच्या निम्म्या वयाची होती. तिनं विचारलं, “मावशी, तुमी पेपर वाटायला आलाय का?” अंजना म्हणाली, “न्हाई, लिवायला.” कोट मेअखेर शाळेत पोचले. पहिल्या पावसात पोरं भिजून आली, कोट आकसले नाहीत. मेट्रनबाईंनी निरोप पाठवला की पुढच्या वर्षाचं कामही तिचंच.

निकाल लागला तेव्हा अंजना गणितात नापास होती.

त्या दिवशी तिनं मशीन चालूच ठेवलं. पाऊस कोसळत होता आणि पडवीच्या फळ्यांतून पाणी आत येत होतं. जालिंदर टॅक्सी मालकाकडं लावून नुकताच घरी बसला होता. संध्याकाळी तिच्या शेजारी येऊन तो म्हणाला, “सोडून दी आता. दुकान चाललंय की. फायनल कुनाला दावायची?”

“कुनाला न्हाई. मलाच.” तिनं सुईत दोरा ओवला. “एका इषयात पडले म्हंजी बाकीच्यांत पास झाले. आता एकच उरलाय.”

जालिंदरनं तिच्याकडं बघितलं, मग दोऱ्याचं रीळ उचललं. “दे हिकडं. काज कसं करत्यात दाव.”

पहिलं काज कोंबडीनं टोच मारल्यासारखं झालं. पावसाळा सरेपर्यंत मात्र त्याचा हात असा बसला की त्याची काजं अंजनाच्या काजांहून नेटकी दिसू लागली. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला ‘जालिंदर शिंपी’ म्हणून हाक मारायचे. केरू म्हणून त्याचा एक जोडीदार होता, त्याला तो एकदाच म्हणाला, “तू पावसात काय करतोस गड्या? पत्तंच की.” मग ती चेष्टा थांबली. काज करता करता तो तिला पाढे विचारायचा, व्याजाची गणितं वाचून दाखवायचा. स्वतः सातवी पास होता, पण त्रैराशिक त्यालाही पुन्हा शिकावं लागलं.

सदुसष्ट साली अंजना गणितात पास झाली. गुण जेमतेम पडले होते. बाळाबाईनं वस्तीत गूळ वाटला, आणि कुणी विचारलं तर सांगायची, “माजी सून सातवी झाली, कोट शिवून.”

सगळंच काही साधलं असं नाही. पलूसकडच्या एका शाळेचं काम तिनं घेतलं होतं, ते झेपलं नाही, निम्म्यात परत करावं लागलं. दूर गावच्या कार्यक्रमांना पेटी घेऊन जाणं कमी झालं. वाकून वाकून पाठ धरायची. पण पौर्णिमा तिनं पुन्हा कधी चुकवली नाही, आणि पेटी पुन्हा पोत्यात गेली नाही. दुकानात वस्तीतल्या दोन बाया हाताखाली आल्या. एकोणसत्तर साली तिनं इंग्रजीचं पहिलं पुस्तक आणलं आणि मॅट्रिकची भाषा सुरू केली.

त्याच वर्षी जालिंदरनं जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. एका सकाळी मागच्या सीटवर कोटांचे गठ्ठे रचून दोघं साताऱ्याला निघाले. अंजना पुढं बसली होती, मांडीवर पुस्तक उघडं. पसरणीचा घाट सुरू झाला. जालिंदर जुन्या सवयीनं वळणं झपाझप घ्यायला लागला.

पुस्तकातून डोकं न काढता ती म्हणाली, “आवं, सावकास घ्या. अक्षरं हालत्यात.”

त्यानं गाडीचा वेग कमी केला.