आठव्या महिन्यातलं व्हायोलिन

त्या संध्याकाळी सावेडीतल्या सभागृहात माझी बायको ऑर्केस्ट्रासोबत एकटीनं व्हायोलिन वाजवणार होती. तिला आठवा महिना लागला होता. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, पण फार वेळ उभं राहू नका, असंही बजावलं होतं. तिनं स्टेजवर एक खुर्ची मागून घेतली आणि मला दम दिला, "मी बसले तरी तू जागचा हलायचं नाहीस."

माझी आई जामखेडहून आली होती. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमातली गाणी, असं तिला वाटलेलं. पडदा उघडल्यावर तिनं विचारलं, "गानारं कुटं हायेत?"

"कुणी गाणार नाही, आई. नुसती वाद्यं."

"मंग सूनबाईच गानार म्हन की," असं पुटपुटून ती सरसावून बसली.

वाजायला सुरुवात झाली. बाकीचे ऐकत होते, मी बघत होतो. तिचे पाय सुजलेत का? श्वास लागलाय का? गाडीची किल्ली कितीदा चाचपली, कोण जाणे. दवाखान्याचा रस्ता मनातल्या मनात दोनदा फिरून आलो.

संथ भाग चालू असताना तिनं डोळे घट्ट मिटले. एका स्वरावर गज थांबला, बाकीची व्हायोलिनं पुढं गेली आणि ती हळूच खुर्चीवर टेकली. मी ताडकन उठलो.

"ओ, खाली बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

आईनं माझा शर्ट खाली ओढला. "बस गप. दुकत असतं तर पुन्हा वाजवाया घेतलं असतं व्हय तिनं?"

खरंच, तिचा गज पुन्हा चालू लागला होता. पण आईचा हात माझ्या शर्टावरून शेवटपर्यंत सुटला नाही.

टाळ्या संपल्यावर मी धावतच आत गेलो. ती बूट काढून पाणी पीत होती.

"काय झालं होतं?"

"लाथ मारली त्यानं. बरगडीतच. तू उठलास ना? दिसलं मला." मग म्हणाली, "ते जाऊ दे. शेवटचा भाग कसा झाला?"

मला एक सूरही आठवेना. "ऐकलाच नाही," म्हटलं.

ती रागावली. सकाळी पुन्हा वाजवते, निदान तेव्हा तरी ऐक, एवढंच झोपताना म्हणाली.

सकाळी तिला गाढ झोप लागली होती. सुप्यातल्या माझ्या कंपनीत फोन करून उशिरा येतो म्हणून कळवलं आणि तिच्या उशाशी बसून राहिलो.